किसनभाऊंनी घेतलेला बहार

महिना होत आला, तरी विश्वास बसत नाही. शाळेच्या फाटकाशी सायकल धरून शालिक उभा होता. संत्रा मार्केटातला जुना हमाल. म्हणाला, "किसनभाऊ गेले गा... ट्रकातल्या पेट्यांची थप्पी अंगावर आली." आदल्याच रविवारी मी भाऊंसोबत चहा घेतला होता.

शिक्षक होण्याआधी दोन हंगाम मी त्याच मार्केटात पेट्यांवर व्यापाऱ्यांची नावं रंगवायचो. किसनभाऊ त्या पेट्या पाठीवर वाहायचे आणि जेवायला बसले की मोठमोठ्या गोष्टी सांगायचे. "जलमभर वझंच उचलाचं काहून? मीबी शेटावानी गादीवर बसंन, दोन ट्रक घेईन. पाहून घेजो." आम्ही हसायचो. ते हसत नसत. आणि एका वर्षी त्यांनी खरंच काटोलकडच्या एका बागेचा मृग बहार, म्हणजे मृगात फुलून आलेलं सगळं फळ, झाडावरच विकत घेतला. चार हमालांनी आपली शिल्लक त्यात टाकली, त्यांच्या बायकोनं, सुमनवहिनींनी, गळ्यातली सोन्याची पोत काढून दिली. तोडणीला तीन दिवस उरले असताना भाऊ मला बाग दाखवायला घेऊन गेले. फांद्या फळांच्या भारानं जमिनीला टेकल्या होत्या. दुपारी आभाळ अचानक काळवंडलं आणि गारा कोसळल्या. जेमतेम पंधरा मिनिटं. राखणदाराच्या गवती खोपडीतून बाहेर आलो, तर पायाखाली गारा आणि फुटलेली संत्री... झाडावर काहीच नाही. मला रडू फुटलं. भाऊंनी एक फुटकं संत्रं सोललं, अर्धं माझ्या हातावर ठेवलं. "खाय, गोड आहे. रडून काहून राहिला गा? झाडं त उभी आहेत ना." आठवड्याच्या आत ते पुन्हा पेट्या वाहू लागले. बागेचं नाव त्यांनी परत कधी काढलं नाही.

तेरवीच्या दिवशी काटोलहून त्याच बागेचा मालक आला. दारातच अडखळत म्हणाला, "भाऊंनी यंदाचा बहार घेतला होता. बयाना देऊन गेले. फळ तयार आहे..." घरात कोणाला याचा पत्ता नव्हता. वहिनींनाही ठाऊक नव्हतं. गारपिटीनंतर दहा वर्षं ओझी वाहत माणूस गुपचूप पुन्हा त्याच बागेत पोचला होता! वहिनी उठल्या. "चला. तोडाले मानसं लागतीन."

शालिक आणि आणखी तीन हमाल त्यांच्याबरोबर गेले. माल मार्केटात आला त्या दिवशी मीही गेलो. लिलाववाल्यानं सवयीनं विचारलं, "माल कोणाचा?" वहिनींनी शालिककडे पाहिलं. शालिक ओरडला, "किसनशेटचा!" पाठीवरचं ओझं घेऊन सगळे हमाल जागीच थांबले. लिलावाच्या ओट्यावरून पुकारा झाला, "किसनशेटचा माल..."

भाव पडला होता. बागवाल्याचं आणि ट्रकचं देऊन वहिनींच्या हाती फारसं काही उरलं नाही. दुसऱ्या दिवशी त्या रोजीनं फळं निवडायला त्याच ओट्याखाली बसल्या, भर उन्हात. मी म्हटलं, "वहिनी, तिकडे सावलीत बसा ना."

"नाही," त्या म्हणाल्या. "इथं त्यायचं नाव पुकारलं होतं."