काँक्रीटवर आलेली खुर्ची

माझी थोरली बहीण आर्डिस हिने नवी कोरी म्हणावी अशी वस्तू आयुष्यात क्वचितच घेतली. नवरासुद्धा नाही. मर्लचं आधी तिच्या मैत्रिणीशी जमलं होतं, तिथं फिसकटलं आणि मग तो हिच्या वाट्याला आला. मी चिडवलं की म्हणायची, "मग? चांगल्या वस्तू अशाच मिळतात. लोकांना कळत नाही, टाकून देतात."

मिनेसोटातलं आमचं गाव एवढंसं. एक चर्च, धान्याचं उंच कोठार, शाळा. मर्ल कोठारावर कामाला होता, आर्डिस शाळेच्या स्वयंपाकघरात. हिवाळाभर घरात कोंडून घ्यायचं आणि बर्फ वितळून लोकांनी गाडीच्या गराजची दारं वर केली, घरातलं जुनं सामान विकायला बाहेर मांडलं, की शनिवारी यांची वरात निघायची. मर्ल गाडी चालवायचा, शेजारी आर्डिस, मागे त्यांची मुलगी कार्ला आणि मी. थर्मासमध्ये पाणचट कॉफी, अंड्याचे सँडविच आणि रुबार्बच्या, म्हणजे आमच्याकडच्या आंबट देठांच्या, गोड वड्या. मला जुन्या सामानाची हौस नाही, दुसऱ्याच्या घराचा वास येतो त्याला. मी वड्यांसाठी जायची.

गाडी थांबली तरी मर्ल उतरायचा नाही. काच खाली करून रेडिओवर बेसबॉल ऐकत बसायचा. आर्डिस मात्र टेबलाशी गेली की बशी उलटी करून पाठीवरचा शिक्का बघायची, कडेवरून नख फिरवायची, आणि पसंत पडलेली वस्तू परत टेबलावर ठेवून मोठा उसासा टाकायची. मालक आपणहून भाव उतरवायचा. घासाघीस आमच्याकडे असभ्य समजतात, पण उसाशाला कोण काय म्हणणार?

एकदा तिला अंडी फेटायचं जुनं यंत्र सापडलं, हिरव्या लाकडी मुठीचं, आमच्या आईकडे होतं तसंच. घरी पोचेपर्यंत ती ते हवेतच फिरवत होती आणि मर्ल विचारत होता, "झालं का गं ऑम्लेट?" आणखी एकदा तिनं कुणाच्या तरी कुटुंबाचा चौकटीतला फोटो आणला. मिशाळ बाप, ताठ बसलेली आई, रांगेनं मुलं. तो तिनं चक्क दिवाणखान्यात टांगला.

"अगं, हे कोण?" मी विचारलं.

"माहीत नाही. पण आपल्या नातेवाइकांपेक्षा बरे आहेत. भांडत तरी नाहीत."

अशी ती होती. हे आधी सांगितलं नाही तर पुढचं कळायचं नाही.

या गराज सेलचा आमच्याकडे एक रिवाज आहे. जे विकायचं नाही ते गराजच्या आत ठेवून त्यावर जुनी चादर टाकायची. चादरीखालच्या वस्तूला कोणी हात लावत नाही, भावही विचारत नाही. पण दाराबाहेरच्या काँक्रीटवर जे आलं ते विकाऊ. मग मालकानं कितीही हळहळून उपयोग नाही. आर्डिस चर्चचे नियम एखाद वेळी विसरेल, हा नाही.

काही वर्षांपूर्वी आम्ही शेजारच्या गावी, तळ्याकाठच्या एका घरी थांबलो. उकाडा फार होता म्हणून मर्ल गाडीतून उतरला आणि गुडघे धरून दाराला टेकून उभा राहिला. त्या घरी एकटाच म्हातारा होता, काँक्रीटवर घडीच्या खुर्चीत बसलेला. अॅल्युमिनियमची, हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांची, पूर्वी घरोघरी असायची तसली. तो उठला आणि म्हणाला, "बसा हो इथं. गुडघ्यांचं दुखणं मला माहीत आहे."

मर्ल बसला. डोळे मिटून म्हणाला, "वा! यातून आता उठणं नाही."

आर्डिसनं लगेच विचारलं, "कितीला खुर्ची?"

"ती नाही विकायची," म्हातारा म्हणाला.

"काँक्रीटवर आहे ना?"

म्हातारा जरासा हसला. "ते खरं," म्हणाला, आणि देऊन टाकली. आम्ही निघालो तेव्हा तो खुर्चीच्याच जागी उभा होता, हात कुठं ठेवावेत हे न कळल्यासारखा. गाडीत मर्ल म्हणाला, "आर्डिस, आपण जरा जास्तच केलं का गं?" ती म्हणाली, "रिवाज म्हणजे रिवाज." पुढे ही गोष्ट ती चारचौघांत रंगवून सांगायची आणि सगळे पोट धरून हसायचे. मर्ल तेवढा हसत नसे, पण उन्हाळ्यात रोज संध्याकाळी तो त्याच खुर्चीत बसायचा.

या मार्चमध्ये मर्ल गेला. कोठारावरून आला, बूट काढायला वाकला, तो गेलाच. दफनानंतर चर्चच्या तळघरात आलेल्यांना हॅमचे सँडविच वाटले तेव्हा आर्डिस सगळ्यांना कॉफी हवी का विचारत फिरत होती. रडली नाही. मला वाटलं, घरी जाऊन रडेल. तिथंही नाही. एप्रिलमध्ये एकदा मीच विचारलं, तर म्हणाली, "मला काही वाटतच नाही गं, लवॉन. दाताला इंजेक्शन दिल्यावर होतं ना, तसं. गाल आहे हे माहीत असतं, पण आपला वाटत नाही."

जूनमध्ये गावाचा मोठा सेल असतो, घरोघरी एकाच दिवशी. कार्ला बिचकत म्हणाली, "मॉम, बाबांचं थोडं सामान काढू या का?" तिला थोडंच म्हणायचं होतं. आर्डिसनं सगळंच काढलं. हत्यारं, गळ, टोप्या, त्याची लोकरी जाकिटं. कागदी पट्टीवर भाव लिहून ती चिकटवत गेली आणि चेहऱ्यावर रेष हलली नाही. हिरव्या मुठीचं यंत्रही निघालं, फोटोतले ते उसने पूर्वजही निघाले. मी चादर घेऊन मागे मागे.

"अगं, काहीतरी झाक. एखादी वस्तू तरी ठेव."

"कशाला? झाकण्यासारखं काही नाही."

तिनं चादरीची घडी घातली आणि आत फळीवर ठेवून दिली. मला खरंच भीती वाटत होती. आज ना उद्या ही जागी होणार, आणि तेव्हा धरायला हिच्या हातात मर्लचं काही उरलेलं नसणार. कार्लालाही तेच वाटत होतं, पण ती आईला घाबरते. मीही घाबरते, फक्त जास्त बोलते.

सेलच्या सकाळी गारठा होता. आर्डिस गराजच्या दारात, आतल्या बाजूला, मर्लच्या त्या खुर्चीत बसली होती. लोक येत होते, नेत होते. मर्लचं जाकीट घालूनच एक जण निघून गेला, तिनं नुसती मान हलवली. मग तिला थंडी वाजली असावी. ती उठली, खुर्ची उचलली आणि ऊन होतं तिथं, बाहेर, जाऊन बसली. मी बघितलं, पण माझ्याही लक्षात आलं नाही.

थोड्या वेळानं एक तरुण बाई आली. गावातली नव्हती. बशा उलट्या करून शिक्के बघत होती, कडेवरून नख फिरवत होती. मग तिची नजर आर्डिसवर थांबली.

"अहो, ही खुर्ची कितीला?"

"ही नाही," आर्डिस म्हणाली.

मार्चपासून ती कशालाच नाही म्हणाली नव्हती. कार्लानं माझा दंड धरला.

बाई हसली. चांगली होती बिचारी, वाईट मनात नव्हतं. "काँक्रीटवर आहे ना पण?"

आर्डिस तिच्याकडे बघत राहिली. मग खाली, पायांकडे, काँक्रीटकडे बघितलं.

मला राहवलं नाही. "अहो, तिच्या नवऱ्याची आहे ती! बाकी एवढा पसारा मांडलाय तो दिसत नाही का?"

"अगंबाई! माफ करा, मला माहीत नव्हतं," ती मागे सरली. "आमचे हे गाडीतच बसून राहतात, उतरत म्हणून नाहीत. वाटलं, अशी खुर्ची असली तर बाहेर येऊन बसतील तरी. राहू दे, राहू दे."

"तू गप्प बस, लवॉन," आर्डिस म्हणाली. ती उठली. खुर्चीची घडी घातली, पट्ट्यांवरून एकदा हात फिरवला आणि बाईच्या हातात दिली. "काँक्रीटवर आहे, म्हणजे तुमची. पावसात ठेवू नका. आणि त्यांना म्हणावं, उतरत जा."

बाई गेली. मी स्वयंपाकघरातून दुसरी खुर्ची आणली. आर्डिस बसली नाही. खुर्चीच्या जागी उभीच राहिली. एकदा हात खिशात घातले, काढले, पाठीमागे घेतले, पुन्हा काढले. गिऱ्हाइकं येत होती, तिला काही विचारत होती, उत्तरं कार्लाच देत होती.

संध्याकाळी न खपलेलं सामान आम्ही रस्त्याच्या कडेला मांडलं आणि वर 'फुकट' अशी पाटी लावली. उसन्या पूर्वजांना कोणी नेलं नव्हतं, ते तिथं ताठ बसले. मी परत आले तर आर्डिस काँक्रीटवरच, जमिनीवर बसली होती.

"लवॉन, त्या म्हाताऱ्याचं नाव काय होतं गं?"

"कोणत्या?"

"तळ्याकाठचा."

मी कार्लाकडे बघितलं. कार्लानं मान हलवली. एवढी वर्षं ती गोष्ट सांगितली, ऐकली, हसलो. नाव आम्ही कोणीच विचारलं नव्हतं.

"त्याच्या बायकोची असणार," आर्डिस म्हणाली. "घरात एकटाच होता, आठवतं? आणि मी म्हटलं, काँक्रीटवर आहे ना." तिनं तळहात गालावर दाबून धरला. ओठ वाकडे झाले. "लवॉन, दुखतंय गं. फार दुखतंय."

कार्ला आत धावली आणि फळीवरची चादर घेऊन आली. काय झाकायचं हे तिलाही कळत नव्हतं. शेवटी तिनं ती आईच्याच खांद्यावरून पांघरली.