मारुतीपुढचा कप

आमचे हिसाबाचे मास्तर चहा बशीत ओतायचे, पण लगेच प्यायचे नाहीत. बशी दोन्ही हातांत धरून आधी तिच्याकडे नुसते बघायचे. मग डोळे मिटून एक फुंकर, आणि मग इतका लांबलचक भुरका, की शेजारच्या वर्गातली पोरं पाढे म्हणायची थांबायची. कुणी म्हटलं, "मास्तर, घंटा झाली," तर उत्तर ठरलेलं.

"घाई न्हाई."

निजामाच्या राज्यातली अहमदपूरची शाळा. शिकवणं सगळं उर्दूत. मास्तर फळ्यावर उर्दूत हिसाब मांडत, मग हळूच दार लोटून घेत आणि तोच हिसाब मराठीत समजावून सांगत. दार लोटलेलं दिसलं की हेडमास्तर त्या बाजूला फिरकत नसत. त्यांनाही मास्तरांच्या हातचा चहा लागायचा.

शाळेमागच्या पडवीत मास्तरांची शेगडी होती. मधल्या सुट्टीत आम्हा सगळ्या शिक्षकांचा चहा तेच करत आणि दुसऱ्या कुणाला भांड्याला हात लावू देत नसत. "उतरू द्या, घाई न्हाई," म्हणत झाकण दाबून बसत. स्वतःचे दिवसाला सात-आठ कप सहज होत. काकू, म्हणजे त्यांची बायको, आम्हाला सांगायच्या, "ह्यांच्या अंगात रगत कमी अन् चहाच लई हाय."

मी तेव्हा चोवीस वर्षांचा, भाड्याच्या खोलीत एकटा राहणारा नवा मास्तर. डोक्यात सुधारणेचं वारं भरलेलं. अशात मला मुदतीचा ताप आला. घरचं माणूस जवळ नव्हतं. मास्तर शाळेच्या आधी यायचे, शाळा सुटल्यावर यायचे, काकूंनी केलेली पेज चमच्याने भरवायचे. पुढेपुढे ते स्वतःच डोक्याला फडकं करकचून बांधून यायचे आणि खुर्चीत बसल्याबसल्या पेंगायचे. मला वाटायचं, माझ्यापायी दमलेत.

बरा होऊन शाळेत गेलो तेव्हा कळलं ते वेगळंच. ताप उतरायचं नाव घेईना, तेव्हा मास्तर वेशीतल्या मारुतीला नवस बोलून आले होते. मी उठलो, माझ्या हाताने चहा करून देवापुढे ठेवला आणि तो त्यांना दिला, की मग ते चहा घेणार. तोवर थेंब नाही. ते फडकं चहा तुटल्याने दुखणाऱ्या डोक्यासाठी होतं. त्याच आठवड्यात त्यांनी वर्गात एका पोराला थोबाडीत मारली होती. कधी कुणाला न मारणारा माणूस! दुसऱ्या दिवशी त्या पोराच्या घरी जाऊन त्याच्या बापाची माफी मागून आले.

पडवीत सगळ्यांसमोर मास्तर मला म्हणाले, "मग, कधी ठेवतोस चहा?"

मी हसलो. "मास्तर, ताप मारुतीनं नाही उतरवला, तुम्ही उतरवलात. चहा आत्ता करतो, दहा कप करतो. पण देवापुढं ठेवणार नाही. मी हे मानत नाही."

"तू नको मानू. मी मानून राहिलो ना. नुसता ठेव अन् उचल."

"तत्त्वाचा प्रश्न आहे, मास्तर."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. हिसाब चुकलेल्या पोराकडे बघायचे तसं.

"बरं. घाई न्हाई," म्हणाले.

पुन्हा त्यांनी विषय काढला नाही. शेगडीही सोडली नाही. रोज आमच्यासाठी चहा करायचे, भांड्यावर तोंड नेऊन वास घ्यायचे आणि "उतरला" म्हणून आमच्या कपांत ओतायचे. ओतून झालं की उठून हात धुवायला जायचे. तो चहा मी रोज प्यालो. हे लिहिताना लाज वाटते, पण प्यालो, आणि वर भुरके मारून. तुम्ही म्हणाल, वेस काय मैलभर लांब होती? शाळेच्या दारातून मारुतीचा कळस दिसायचा. दोन-तीनदा मनात आलंही, ठेवावा एक कप. पण बाकीचे मास्तर हसतील, म्हणतील नमला, म्हणून राहिलं.

पुढे माझी बदली उमरीला झाली. मोटारीपाशी निरोप द्यायला मास्तर आले होते. मी काहीतरी पुटपुटलो, तर माझ्या ट्रंकेवर थाप मारून म्हणाले, "सुट्टीत येशील की. घाई न्हाई."

दोन वर्षं सुट्ट्या आल्या आणि गेल्या. लढाईचे दिवस होते. एकदा उमरीच्या बाजारातून चहापत्ती पार नाहीशी झाली. दुसऱ्या दिवशी माझं डोकं ठणकायला लागलं. तिसऱ्या दिवशी वर्गात एका पोराची पाटी मी हिसकावून आपटली. ती फुटली, आणि पोर रडायच्या ऐवजी माझ्याकडे बघतच राहिलं. मला ते डोक्याचं फडकं आठवलं. माझे तीन दिवस झाले होते. मास्तरांचे किती झाले?

नांदेडहून मिळेल त्या भावाने पुडा मागवला आणि सुट्टी लागताच अहमदपूर गाठलं.

दार काकूंनी उघडलं. कपाळ मोकळं होतं.

"पौषात गेले," त्या म्हणाल्या. "छाती भरली होती. हकीम म्हनले, गरम चहा पाजा. म्या कप नेला तर त्यावर हात ठिवला. म्हनले, त्याच्या हातचा यायचाय."

चहाचा पुडा माझ्या हातातच होता. माफी मागावी तर कुणाची? काकूंना विचारून मी चूल पेटवली. चहा केला, कपावर बशी झाकली आणि भर बाजारातून वेशीकडे निघालो. ओळखीचे मास्तर बघत होते, जुने विद्यार्थी बघत होते. मारुतीपुढे कप ठेवला, हात जोडले, उचलला. तत्त्वाची आठवणसुद्धा झाली नाही. एवढंच होतं ते. एवढंच त्यांनी मागितलं होतं.

परत आलो आणि अंगणात तसाच उभा राहिलो. आता हा द्यायचा कुणाला?

"आण इकडं," काकू म्हणाल्या. "त्यांनी सोडला तवापासून म्या बी घेतला न्हाई."

त्यांनी चहा बशीत ओतला. बशी दोन्ही हातांत धरून थोडा वेळ बघत राहिल्या. मग डोळे मिटून एक घोट घेतला.

"उतरला न्हाई रे," त्या म्हणाल्या. "घाई केलीस."