जांभळाखालचा शनिवार

आमच्या सोसायटीतल्या जांभळाला दर उन्हाळ्यात फळ धरतं आणि त्याच सुमाराला ते झाड काही लोकांच्या डोळ्यांत खुपायला लागतं. फळं गाड्यांवर पडतात, डाग पडतात. ते डाग काढायला हीच मंडळी पाईप लावून गाड्या धुतात, तेही टँकरच्या पाण्यानं, ज्या शहरात नळाची वाट बघता बघता माणसं म्हातारी होतात तिथं. मी तांदूळ धुतलेलं पाणी साठवून झाडाला घालते, तर जिन्यात हसतात. हसा.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू. वडील कोकणातून नोकरीसाठी इकडे आले ते इथलेच झाले. आमच्यात नवस फेडायला, शुभकार्याला मलिदा करतात. गोड पोह्यांचं ताट आणि वर फळं. झाडाच्या फळाची प्रार्थना वेगळी, जमिनीतल्या पिकाची वेगळी, म्हणून ताटात झाडाचं फळ हवंच. पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या ताटात याच झाडाची जांभळं असतात. वडील सांगायचे, शत्रूच्या गावाला वेढा घातलात तरी त्याची फळझाडं तोडू नका, असं तोरामध्ये, आमच्या धर्मग्रंथात, लिहिलंय. लढाईतसुद्धा नाही. आणि इथं आमच्या सोसायटीच्या अध्यक्षांना गाड्या लावायला जागा कमी पडत होती.

बैठकीत मी स्पष्ट सांगितलं होतं की परवानगीशिवाय झाडाला हात लावलात तर त्याच क्षणी महापालिकेला फोन करीन. अध्यक्ष गोड हसले. बघू काकू, म्हणाले.

पुढच्या शनिवारी सकाळी करवतीच्या आवाजानं मी खिडकीशी धावले, आणि तळपायाची आग मस्तकात गेली. शनिवार आमचा शब्बाथ. त्या दिवशी मी फोनला हात लावत नाही, लिहीत नाही, रिक्षात बसत नाही. हे सगळ्या इमारतीला ठाऊक आहे, कारण वर्षानुवर्षं मीच ते कौतुकानं सांगत आले. त्या भल्या माणसानं नेमकं तेच हेरलं होतं. म्हातारी आज काही करू शकत नाही, तेव्हा उरकून घ्या.

मी खाली पोचेपर्यंत रस्त्याकडची फांदी जमिनीवर आली होती, कच्च्या हिरव्या फळांसकट. रागानं मला रडू फुटलं.

"काकू, आज तुमचा शनिवार नं? घरी आराम करा की. इथं लई धूळ उडंल," अध्यक्ष म्हणाले.

शब्बाथला झाडावर चढू नये, फांदी मोडू नये, फळ तोडू नये, हे मला लहानपणापासून शिकवलेलं. झाडाखाली बसू नये असं मात्र कुणी शिकवलं नव्हतं. बुंध्याभोवती सिमेंटचा कट्टा आहे. मी त्यावर जाऊन बसले.

आधी विनवण्या झाल्या. मग दम देऊन झाला. करवतवाल्यानं खाली माणूस असताना फांदी सोडणार नाही म्हणून दोर गुंडाळायला घेतला, तेव्हा अध्यक्षांचा आवाज चढला. मी मुद्दाम धर्म मध्ये आणतेय, असं ते चारचौघांत म्हणाले.

"धर्म तुम्ही आणलात. सहा वार मोकळे होते, तुम्ही शनिवार निवडलात," मी म्हणाले.

 उद्या पुन्हा माणूस बोलावतो, एवढं अध्यक्ष पुटपुटले. खुशाल बोलवा, उद्या मला फोन करता येतो, असं मी सांगितलं. करवतवाला निघून गेला, अध्यक्षही वर गेले. रविवारी कुणीच आलं नाही, आणि झाड अजून उभं आहे.

पण त्या शनिवारी मी घरी गेले नाही. आकाशात तारे दिसून शब्बाथ संपेपर्यंत कट्ट्यावरच बसून होते, कारण ज्यांच्याबरोबर इतकी वर्षं राहिले त्यांच्यातल्या एकावरही माझा भरवसा उरला नव्हता. तो विश्रांतीचा दिवस होता. माझ्याच दारात मला पहारा द्यावा लागला, आणि हे मी कुणालाही माफ केलेलं नाही.