दत्तारामची गाडी

जानेवारी २०२१. माझी पोस्टिंग लिक्सलिप, आयर्लंड. मुलीच्या घरातली वरची खोली. कोरोनामुळे परतीचं विमान रद्द, घरापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे जायला बंदी. फौजेत बावीस वर्षं गाड्या दुरुस्त केलेल्या हवालदाराला इथे भांडी लावायची ड्यूटी मिळाली.

दर शनिवारी सकाळी अकराला इथल्या मराठी मंडळींचा ऑनलाइन कार्यक्रम असे. आपण ज्या यंत्रावर काम केलं, ते बनवणाऱ्या कंपनीचा इतिहास सांगायचा. मी स्वीडनची ट्रक कंपनी निवडली. आमची तोफ ओढणारी गाडी तिचीच होती.

शुक्रवारी संयोजक समीरचा फोन आला.

"काका, स्लाइड्स एकदम ग्रँड आहेत. फक्त तो ड्रायव्हरचा पार्ट स्किप करू या ना. हेवी होतं. फॅमिलीज असतात."

"ही ऑर्डर आहे की विनंती?"

"विनंती, काका."

"नामंजूर."

मला राग आला होता आणि तो मी लपवला नाही.

शनिवारी आधी रेल्वेचे डबे, मग मोटारी, मग ट्रक, असा कंपनीचा प्रवास सात मिनिटांत उरकला. मग घाटातल्या त्या अपघातावर आलो.

पहाटेचे सहा दहा. उतार. पुढे नायक दत्तारामची गाडी, तिच्यामागे जोडलेली तोफ. मी मागच्या, बंद पडलेल्या गाड्या ओढणाऱ्या रिकव्हरी गाडीत. रस्त्याची कड खचली आणि त्याची गाडी दरीकडे सरकू लागली. खालच्या वळणावर आमचे चौदा जवान दरड उपसत होते.

मी रेडिओवर ओरडलो, "दत्ता, उडी मार! ओव्हर."

"खाली माणसं आहेत. ओव्हर."

त्यानं स्टिअरिंग डोंगराकडे दाबून धरलं. गाडी कातळावर आदळून थांबली, तोफही वरच राहिली. चौदाही जण वाचले. ड्रायव्हरची बाजू मात्र चेपली होती. आम्ही पत्रा कापेपर्यंत दत्ताराम गेला होता.

वर्कशॉपमध्ये म्हणाले, गाडी भंगारात काढा. मी हटून बसलो. नऊ दिवसांत तिला रस्त्यावर आणलं. आमच्याकडे गाडी ड्रायव्हरच्या नावानं ओळखत. नवा ड्रायव्हर आला, तरी ती दत्तारामचीच गाडी राहिली.

"काका, टाइम झालाय," समीर म्हणाला. "शेवटची, नव्या मॉडेल्सची स्लाइड घेऊ या?"

"नको. कंपनीच्या इतिहासात गाडीची ताकद लिहिली आहे, ती चालवणारा नाही. नायक दत्ताराम शेलार. सगळ्यांनी लिहून घ्या. मी थांबतो."

मग समीरनंच विचारलं, "काका, गाव कुठलं त्यांचं?"

मी गाव, तालुका, जिल्हा, सगळं सांगितलं.