झोळीचा प्रोग्राम

मशीन सरांना पाणी मागितलं की ते सरळ हातावर ओतायचे. पह्यल्याच दिवशी माझा पदर भिजला. म्हणले, "गिलासात द्या म्हणलीस का? कंप्युटरला मन नसतं पोरी. सांगशील तेवढंच करतो."

मंठ्यात त्यांचा क्लास होता. कंप्युटर एकच, त्याच्यावर मखमली कपडा, चपला बाहेर. लाइट गेली की सर स्वतःच कंप्युटर व्हायचे. आपण वहीत प्रोग्राम लिहायचा अन् सर वाचून बराबर तसंच करायचे. एकीनं लिहिलं, दहा पावलं पुढं चाला. सर सातव्या पावलाला भिंतीवर आपटले अन् भिंतीला नाक लावूनच म्हणले, "पुढची ओळ?"

मी आठवीपर्यंत शिकलेली, भित्री, काखेत सहा महिन्यांची सोनी. मालकांनी एक महिना दिल्ता. "काई आलं तर जा, न्हाईतर बिलकुल बंद." अन् सरांचा कायदा असा, की वहीतला प्रोग्राम चालला तरच मशीनवर बसायचं. महिना संपत आला तरी माझा एक बी चालला नव्हता.

शेवटच्या दिवशी लाइट न्हाई, अन् कोपऱ्यातल्या झोळीत सोनी लागली रडायला. म्या घाईघाईत लिहिलं. दहा नंबरची ओळ: झोळीला झोका दे. वीस नंबरची: परत दहावर जा. सर लागले झोका द्यायला. सोनी झोपली, तरी सर देऊनच राह्यले, घामाघूम झाले.

"सर, बस झालं हो!"

"तोंडी चालत न्हाई. वहीत लिही."

तेवढ्यात मालक न्यायला आले. दारातच थबकले. "मास्तर हे काय करून राह्यले?"

"तुमच्या मंडळीचा हुकूम हे, जावाईबापू. कधी थांबायचं ते लिहिलंच न्हाई तिनं. जल्दी लिहायला सांगा, माझा हात तुटायला आला!"

म्या मधी पंधरा नंबरची ओळ घातली: पोरगी झोपली असली तर थांब. सर थांबले, मटकन खाली बसले. "चालला! उद्या मशीनवर."

मालक वहीकडं पाहून राह्यले, मंग माझ्याकडं. "घरी तर कुणी एवढं ऐकत न्हाई तुझं," म्हणले अन् हसले. "जा उद्या बी."

दुसऱ्या दिवशी लाइट होती. म्या पोरीचं नाव छापायला लावलं, तर पडदाभर सोनी, सोनी, सोनी, थांबायचं नावच न्हाई. परत तीच चूक! सर टाळ्या वाजवून राह्यले अन् मी रडून.

मंग दोन वर्सांनी सर क्लास बंद करून लेकाकडं राहायला निघाले. मी सोनीला घेऊन स्टँडवर गेल्ते. सोनी म्हणली, "सर, टाटा करा." सरांनी खिडकीतून हात काढला अन् लागले हलवायला. एसटी पार वळणाला गेली, तरी हात हलूनच राह्यला होता.

म्या थांबा म्हणलं न्हाई.