मुलगी तयार आहे

हे लिहिणं मी बरीच वर्षं टाळलं. टाळायला कारणंही मिळत गेली. आधी गुडघ्याचं ऑपरेशन, मग नातीचं लग्न, मग मोतीबिंदू. आता मोतीबिंदू काढून झाला, स्वच्छ दिसतं, कारण उरलेलं नाही. तरी आज सकाळपासून कितीदा तरी खुर्चीतून उठलो. गॅलरीत गेलो, कुंड्यांना पाणी घातलं, थोड्या वेळानं परत घातलं. बायको आतून म्हणाली, "अहो, झाडं बुडवताय का? काय लिहायचंय ते लिहा एकदाचं."

टेमघरात आमचा, आजारी माणसांचा आणि त्यांच्या घरच्यांचा, एक मेळावा भरतो. महिन्यातून एक रविवार, शाळेच्या हॉलमध्ये. त्याचा विषय निघाला की आजही कुणीतरी म्हणतंच, "ती ट्युशनवाली मुलगी आठवते? बापानंच तिचा आजार नाक्यावर टांगला." परवा हे वाक्य आमच्या ग्रुपवर पुन्हा आलं. खाली कुणी जोडलेले हात टाकले, कुणी रडका चेहरा. मी फोन पालथा ठेवला आणि चपला घालून बाहेर पडलो. कुठे जायचं ते ठरलेलं नव्हतं. धामणकर नाक्याच्या रिक्षात बसलो, अर्ध्या वाटेवर उतरलो, चालत परत आलो.

ते वाक्य खोटं आहे. बापानं काही टांगलं नाही. मी टांगलं.

मी आयुष्यभर लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कारखान्यात मेहता होतो. मेहता म्हणजे मालकाच्या वतीनं हिशेब, हजेरी, पाळ्या बघणारा माणूस. मालक गाडीतून येऊन जायचा, कामगारांना रोज तोंड दिसायचं ते माझं. त्या ट्युशनवाल्या मुलीचे वडील त्याच कारखान्यात जॉबर होते. लूम बिघडला की तो सुरू करून देणं हे त्यांचं काम. इथल्याच जुन्या कोकणी मुसलमान घरातला माणूस, शांत, कामाला चोख. कुणाची रात्रपाळी रिकामी राहिली की मी त्यांच्याकडे जायचो आणि म्हणायचो, "आज थांबाल ना?" ते म्हणायचे, "थांबतो, मेहताजी." इतक्या वर्षांत त्यांनी मला एकदाही नाही म्हटलं नाही. मला वाटायचं, किती चांगले संबंध आहेत आमचे. मेहतानं विचारलेल्या गोष्टीला कामगार नाही म्हणत नसतो, हे मला तेव्हा कळत नव्हतं असं म्हणणंही खरं नाही. कळत होतं. सोयीचं होतं.

निवृत्तीनंतर घरात बसवेना. शेजारच्या एका बाळाला थॅलेसेमिया होता, सारखं रक्त चढवावं लागायचं. माझ्या बायकोनं त्याच्या आईला आणि तसल्याच आणखी दोन-तीन घरांतल्या बायकांना चहाला बोलावलं. तीच सुरुवात. कोणत्या सरकारी दवाखान्यात कधी जायचं, कुणाचं मूल कुणी दिवसभर सांभाळायचं, असलं त्या बोलायच्या. मी त्यात शिरलो आणि त्याला शिस्त लावली. एका डॉक्टरांनी सांगितलं की हल्ली प्रत्येक आजाराचा एक जागृती महिना असतो. मला ते फार आवडलं. वर्षाचं वेळापत्रक आयतं मिळालं. मार्चमध्ये क्षयरोग, ऑक्टोबरात स्तनांचा कर्करोग, नोव्हेंबरात अपस्मार आणि मधुमेह. प्रत्येक महिन्याला एक विषय, एक पाहुणा, एक सत्कार. बायका मात्र भाषण संपायची वाट बघायच्या आणि चहाचा कप घेऊन कोपऱ्यात जाऊन आपलं खरं काम सुरू करायच्या. बायको मला म्हणायची, "तुम्हाला माणसं दिसतच नाहीत. खुर्च्या भरल्या का, एवढंच दिसतं."

जॉबरभाईंच्या त्या मुलीला लहानपणापासून फिट यायची. औषधांनी खूप कमी झालं होतं, तरी अधूनमधून यायची. बी.ए. झाली होती आणि घरातल्या पुढच्या खोलीत लहान मुलांच्या ट्युशन घ्यायची. तिच्या आजाराची गोष्ट गल्लीत कुणाला माहीत नव्हती. मेळाव्यातल्या बायकांना माहीत होती, कारण तिथे ज्याला त्याला काहीतरी होतंच. ती यायची आणि त्या कोपऱ्यात बसायची. फिट आलेल्या मुलाला कांदा हुंगवणाऱ्या एका आजीला तिनं हसवून हसवून ते सोडायला लावलं. "दादी, कांदा भाजीत घाला. त्याला फक्त कुशीवर वळवा आणि बाजूला बसा."

माझीही ती चेष्टा करायची. एकदा मी प्रास्ताविक लांबवलं तर खाली उतरल्यावर म्हणाली, "काका, माझी फिट तुमच्या भाषणाच्या आधी संपते." सगळ्या बायका हसल्या. मीही हसलो, पण मला ते थोडं लागलं होतं.

त्या वर्षी नोव्हेंबरच्या मेळाव्याला एक मोठे पाहुणे यायचे होते. पाहुण्यांच्या माणसानं फोनवर विचारलं, "सत्कार कुणाचा? पेशंट कोण आहे?" मला उत्तर सुचलं ते तिचंच. शिकलेली, बोलकी, स्वतःच्या पायावर उभी. मी तिला हॉलच्या पायऱ्यांवर गाठलं आणि कल्पना सांगितली.

ती लगेच म्हणाली, "नको काका."

"अगं, लोकांची भीती जाईल."

"लोकांची जाईल. माझ्या ट्युशनची मुलंही जातील."

"असं काही होत नाही. जग बदललंय."

"जग बदललं की मला सांगा, मी स्वतः येते शाल घ्यायला." ती हसत होती, पण मान हलवत होती. "नाव नको, फोटो नको. कोपऱ्यात बसून सांगते तेवढं पुरे आहे."

इतकं स्पष्ट. यात गैरसमजाला जागाच नव्हती. मी घरी आलो, जेवलो, आणि मला झोप येईना. पाहुण्यांना काय सांगणार, हेच डोक्यात. माझा पडलेला चेहरा दिसत होता मला, तिचा नाही.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या वडिलांकडे गेलो. ते चहाच्या टपरीवर होते. मला बघून बाकड्यावरून उठले, अजूनही उठायचे. मी त्यांना सत्काराचं सांगितलं. ते गोंधळले. म्हणाले, "मेहताजी, पोरीला विचारायला पाहिजे."

मी म्हणालो, "मी बोललोय तिच्याशी. मुलगी तयार आहे. तुम्हीच नाही म्हणाल असं तिला वाटतंय."

हे वाक्य मी बोललो. आजवर हे कुणाला सांगितलेलं नाही.

त्यांनी चहाचा उरलेला घोट संपवला. मग म्हणाले, "ती तयार आहे तर मी कोण नाही म्हणणार? तिला एवढी हिंमत आली, चांगलं आहे." आणि त्यांनी मोबाइलमधून तिचा फोटो मला पाठवला. ईदचा होता, नवीन ओढणीतला. त्यांना वाटलं, सत्काराच्या कागदावर लावायला हवा असेल. मी त्यांना विनंती केली, तिला आता काही बोलू नका, कार्यक्रमात तिला आनंद होऊ दे. त्यांनी तेही मानलं.

फ्लेक्स धामणकर नाक्यावर लागला. वर पाहुणे, बाजूला हात जोडलेला मी, आणि मधोमध ती, ईदच्या ओढणीत. खाली "अपस्मारावर मात करणारी आमची लेक". तिनं तो शेअर रिक्षातून पाहिला. शेजारची बाई तिच्याकडे आणि फ्लेक्सकडे आळीपाळीनं बघत म्हणाली, "अरे, ये तो तू है ना? तेरे को मिर्गी आती है?" हे मला नंतर तिच्या आईनं सांगितलं. रागानं नाही सांगितलं, घडलं तसं सांगितलं.

घरी जाऊन तिनं वडिलांना एवढंच विचारलं, "अब्बा, फोटो तुम्ही दिला?" ते म्हणाले, "हो. मेहताजी आले होते." त्यांना वाटलं ती खूष होऊन विचारतेय. तिचा चेहरा बघून ते पुढे काही बोलले नाहीत. तीही बोलली नाही. त्या घरात मोठ्या आवाजात काही विचारायची पद्धतच नव्हती, आणि माझं खोटं त्या शांततेत टिकून गेलं.

ती मेळाव्याला आली. वडील पहिल्या रांगेत इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते, म्हणून आली असणार. शाल घेतली. माइक हातात दिला तेव्हा तिनं तो माझ्याकडे परत केला. माझ्याकडे तिनं पाहिलं आणि मी लगेच टाळ्या सुरू केल्या. सगळा हॉल माझ्यामागून टाळ्या वाजवत होता.

ट्युशनची मुलं एकेक करून कमी झाली. कुणाची आई म्हणाली मुलगा मामाकडे जाणार आहे, कुणी म्हणाली आता शाळेतच क्लास आहे. एका बाईनं मात्र सरळ सांगितलं, "बेटी, बुरा मत मानना. तुला काही झालं तर ही लहान पोरं घाबरतील." दिवाळीनंतर भरलेली खोली नाताळापर्यंत रिकामी झाली. ती मेळाव्याला यायची थांबली. तिच्या जाण्यानं तो कोपराही विरळ झाला. फिट येणाऱ्या मुलांच्या आया आता नाव सांगताना इकडेतिकडे बघायच्या.

मेळाव्याच्या कार्यकारिणीत एकानं विचारलं, "तिला विचारलं होतं ना?"

मी म्हणालो, "वडिलांची पूर्ण संमती होती. फोटो त्यांनीच पाठवला."

तिथून ते वाक्य गावभर गेलं. जाता जाता त्याला शेपूट फुटलं, की मदत मिळवायला बापानं मुलीला पुढे केलं. मी कुठेही त्याला अडवलं नाही.

मी हातावर हात ठेवून बसलो असंही नाही. अस्वस्थपणात माणूस नाही ते करतो. मी फ्लेक्स बंद केले. सत्कार बंद केले. पुढच्या वर्षी मेळाव्याचा नियम केला, की मेळाव्यात ऐकलेलं नाव बाहेर काढायचं नाही. लोक म्हणाले, काका किती विचार करतात.

एकदा धीर करून त्यांच्या घरी गेलो. जॉबरभाई तेव्हा दम्यानं घरीच होते, कारखानाही बंद पडला होता. मला बघून त्यांना कोण आनंद झाला. खुर्ची पुसली, पंखा माझ्याकडे वळवला, आतल्या खोलीकडे बघत "बेगम, मेहताजी आलेत, शेवया करा" म्हणाले. त्या पुढच्या खोलीत भिंतीला फळा तसाच होता, पुसलेला. शेवया आल्या. मी तोंड उघडणार तेवढ्यात तेच हळू आवाजात म्हणाले, "पोरगी माझ्याशी कामापुरतं बोलते. माझं काय चुकलं कळत नाही. ती तयार होती ना, मेहताजी?"

मी शेवयांचा चमचा तोंडात घातला आणि मान हलवली. होकारार्थी.

त्या मान हलवण्यामुळे मी अजून उठतो, बसतो, कुंड्यांना पाणी घालतो.

गेल्या आठवड्यात मी कशेळीला गेलो. जॉबरभाईंची मुलगी तिथल्या एका गोदामात पॅकिंगच्या शिफ्टला जाते, हे बायकोकडून कळलं होतं. गेटसमोर ट्रक लागलेले होते, धुळीत उभं राहावं लागत होतं. शिफ्ट सुटली आणि ती मैत्रिणींबरोबर बाहेर आली. मला ओळखलं. मैत्रिणींना पुढे जायला सांगितलं.

"काका, इथे? उन्हात? डोक्यावर टोपी तरी घालायची." पिशवीतून बाटली काढून माझ्या हातात दिली. "काकू बऱ्या आहेत ना?"

"बऱ्या आहेत. तू?"

"मी बरी. इथे सुपरवायझरला सांगून ठेवलंय मी स्वतःच. आली फिट तर कुशीवर वळव आणि बाजूला बस, एवढंच. तो म्हणाला, बसेन, पण तेवढा वेळ माझं टार्गेट कोण भरणार?" ती हसली.

मी पाणी प्यायलो. बाटलीचं झाकण मी लावत-काढत राहिलो ते तिनं पाहिलं आणि त्याचा वेगळाच अर्थ लावला. ती म्हणाली, "काका, तुम्ही त्या गोष्टीचा त्रास करून घेऊ नका. तुम्ही मला विचारलं होतं, मी नाही म्हटलं होतं. नंतर अब्बांनी तुम्हाला हो सांगितलं, तर तुम्ही तरी काय करणार? मला खूप राग होता त्यांचा. आता ते आजारी असतात. मी मनात माफ केलंय त्यांना. फक्त पहिल्यासारखं बोलता येत नाही."

कंपनीची बस आली. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला, एका मैत्रिणीनं दारातून तिला हाक मारली. ती म्हणाली, "येते, काका. सावलीत उभे राहा." मी बाटली परत द्यायला हात पुढे केला, आणि माझ्या तोंडून निघालं ते एवढंच, "मेळाव्याला ये कधीतरी." ती बसमध्ये चढली.

जे बोलायचं होतं ते जिभेवर तयार होतं. घरून निघाल्यापासून मनात घोकत होतो. ते असं होतं: बेटा, तुझ्या अब्बांना माफ करण्यासारखं काही नाही. तू नाही म्हणालीस हे त्यांना माहीतच नव्हतं. तू हो म्हणालीस असं मी त्यांना सांगितलं. खोटं मी बोललो, आणि ते इतकी वर्षं तुम्हा दोघांमध्ये तसंच राहू दिलं. तुझी ट्युशनची मुलं गेली ती माझ्यामुळे. मला माफ कर, किंवा नको करू. पण आज घरी गेलीस की आधी त्यांच्याजवळ जाऊन बस.