मामांच्या बाईंचा दिवस

मी शिकवते त्या शाळेच्या मधल्या सुट्टीत मामींचा फोन आला. "तुजे मामा गेले गं... गिरणीतच, बसल्या जागी," एवढंच बोलल्या. मी धाराशिवहून तेरला पोचले तेव्हा अंगण माणसांनी भरलं होतं आणि पिठाची गिरणी बंद होती. गावाला तिच्या बंद असण्याची सवय होती म्हणा. रेडिओवर नाट्यपद लागलं की मामा पट्टा थांबवायचे. दळण घेऊन आलेल्या बायका ताटकळायच्या आणि हे डोळे मिटून बसलेले! कुणी कुरकुर केलीच तर म्हणायचे, "पीठ काय, घटकाभरानं बी मिळंल."

तरुणपणी धाराशिवला आलेल्या एका नाटक कंपनीत त्यांनी बाईंना पहिल्यांदा ऐकलं. संगीत नाटकांत नायिकेची कामं करणारी ही गायिका. मामांनी तिचं नाव कधी तोंडानं घेतलं नाही, नुसतं 'बाई'. पुढं बार्शी, सोलापूर, लातूर... जिथं प्रयोग तिथं मामा. एकदा रंगपटात जाऊन भेटायची संधी चालून आली, तर दारातूनच हात जोडून परतले. "त्यांच्याशी बोलायचं काय? ऐकायचं त्यांना." बाई गेल्यावर त्यांनी देवळाच्या सभामंडपात दरसाल पुण्यतिथी सुरू केली. गावातले हौशी गाणारे, एक पेटी, एक तबला आणि शेवटी पंगत. मामी वैतागायच्या, "सख्ख्या बापाचं श्राद्ध इसरतेत, पर ह्या सवतीचं न्हाय!"

एके वर्षी बाईंची एक शिष्या पुण्याहून गायला आली आणि घोटाळा उघडा पडला. बाई गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही पुण्यतिथी करत होतो. पेपरात बातमी वाचली तोच दिवस मामांनी धरून ठेवला होता. शिष्येनं हळूच सांगितलं. मला वाटलं, आता मामा ओशाळतील. कसले ओशाळतात! "ताई, तुमच्यासाठी त्या आदल्या दिवशी गेल्या. त्या दिवशी हितं आमी गिरणीत त्यांचंच पद म्हणत होतो. तेरात बाई एक दिवस जास्त जगल्या. तेवढा दिवस म्या न्हाय सोडणार." शिष्या पदरानं डोळे टिपून गायला बसली. तारीख काही बदलली नाही.

यंदा तो दिवस मामा गेल्यानंतर महिन्याच्या आतच येत होता. मामांचे थोरले बंधू आबा ओसरीवर बसून म्हणाले, "घरात दुःख असताना गाणंबजावणं शोभत न्हाय. वरीसभर राहू द्या." मला पटेना. एकदा खंड पडला की असे दिवस पुन्हा उभे राहत नाहीत. मामांनी उभं केलेलं एवढं एकच तर होतं. तेवढ्यात मामी आतून बाहेर आल्या. "आबा, रडायचं ते मी वरीसभर रडणार हाय. बाईंचा दिवस मातर हुईल. गिरणी बंद ठेवू, गाणं बंद न्हाय." आबांनी टोपी सारखी केली आणि सतरंज्या कुणाकडून आणायच्या ते विचारलं.

कार्यक्रम झाला. दरसालसारखं पहिलं पद मी म्हटलं आणि थांबले. पद संपलं की पहिल्या रांगेतून मामा "वन्स मोअर" म्हणत, मग बाकीचा मंडप. त्यांच्याआधी ओरडायची कुणाची छाती नव्हती. आजही सगळे गप्प... पेटीवाल्याची बोटं पट्ट्यांवर तशीच. मामी एरवी पंगतीच्या स्वयंपाकात अडकलेल्या, गाणं ऐकायला कधी बसल्याच नाहीत. त्या मंडपाच्या दारात उभ्या होत्या, कोपरापर्यंत पिठाचे हात. चालत पहिल्या रांगेत आल्या, मामांच्या जागी मांडी घालून बसल्या.

"त्यांच्या वाटचं मी म्हणते," त्या म्हणाल्या. "वन्स मोर!"

सगळा मंडप ओरडला. मी पहिल्यापासून गायला लागले.